शाळेच्या वेळेत मुलांचं औषध: दप्तरात गोळी टाकण्याआधी काय काय करायचं

दुसरीच्या वर्गात सकाळची हजेरी चालू होती. एका मुलीने कंपास पेटीतून वहीच्या कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. "बाई, आईने सांगितलंय, दुपारी द्या." आत अर्धी पांढरी गोळी. औषधाचं नाव नाही, मात्रा नाही, जेवणाआधी की नंतर तेही नाही. आईला फोन लावला, तर ती शिफ्टवर आणि फोन बंद. मी गोळी दिली नाही. संध्याकाळी कळलं की ती फिटची गोळी होती आणि तिचा दुपारचा डोस चुकला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कसली गोळी आहे हे न कळता दिली असती तर धोका होता, न देऊन मूल औषधावाचून राहिलं. अशा पुड्या दर आठवड्याला येतात, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. बहुतेक घरांत औषध आधी दप्तरात जातं आणि बाकीचं नंतर, फोनवर ठरतं. खरा क्रम असा: आधी डॉक्टर, मग कागद, मग औषध, मग माणूस, आणि शेवटी नोंद. यातली एक पायरी गाळली की पुढची आपोआप बिघडते.

१. मधला डोस टाळता येतो का, ते डॉक्टरांना विचारा

चिठ्ठीवर १-१-१ लिहिलेलं असतं. मधला १ शाळेच्या वेळेत येतो आणि सगळा गोंधळ त्याच्यामुळे होतो. म्हणून दवाखान्यातून उठण्याआधीच एक प्रश्न विचारा: "शाळा साडेदहा ते पाच आहे, हे औषध सकाळी-संध्याकाळी देता येईल का?" अनेक अँटिबायोटिक्स दिवसातून दोनदा देता येतात. काही तीनदाच द्यावी लागतात, पण त्यातही "शाळेला निघताना, घरी आल्यावर आणि झोपताना" हे चालतं का, ते डॉक्टर सांगू शकतात. सकाळच्या शाळेचं मूल दीड वाजता घरी येत असेल तर बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

हा बदल स्वतःच्या मनाने करू नका. दुपारचा डोस संध्याकाळच्या डोसात मिसळून दुप्पट देणं तर कधीच नको. फिट, मधुमेह आणि दम्याच्या औषधांची वेळ डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हलवायची नाही.

सावध: तापातल्या मुलाला सकाळी पॅरासिटामॉल पाजून शाळेत पाठवू नका. त्याचा असर चार ते सहा तासांत उतरतो, म्हणजे मधल्या सुट्टीच्या आसपास ताप पुन्हा चढतो. तोवर शेजारच्या बाकावरच्या मुलांनाही लागण झालेली असू शकते. औषध न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तरच शाळा.

२. एक पानाचा कागद तयार करा

तोंडी निरोप हा निरोप नव्हे. मूल तो अर्धा विसरतं, आणि बदली शिक्षिका आली तर तिला काहीच माहीत नसतं. शाळेचा छापील फॉर्म असेल तर तो घ्या, नसेल तर साधा कागद चालेल. त्यावर हे हवं:

- मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक
- वजन, आणि ते कोणत्या तारखेला केलं
- आजार एका ओळीत, मराठीत
- औषधाचं मूळ नाव आणि पाकिटावरचं नाव, दोन्ही देवनागरीत
- औषधाची ताकद आणि द्यायची मात्रा, दोन्ही
- वेळ शाळेच्या भाषेत: "मधल्या सुट्टीत, डबा खाल्ल्यावर"
- डोस चुकला किंवा औषध उलटून पडलं तर काय करायचं
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे
- तीन फोन नंबर, त्यातला एक घराजवळच्या नातेवाइकाचा
- पालकांची सही, आणि सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख दिसणारी प्रत

ताकद आणि मात्रा दोन्ही का, ते नीट समजून घ्या. आजवर मी पाहिलेल्या चुकांत ही सर्वांत धोक्याची आहे. पॅरासिटामॉलचं एक सिरप ५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ. असतं आणि दुसरं ५ मि.ली.मध्ये २५० मि.ग्रॅ., म्हणजे दुपटीहून जास्त. तान्ह्या बाळाचे थेंब याहून कडक, बहुधा १ मि.ली.मध्येच १०० मि.ग्रॅ. धाकट्या भावाची थेंबांची बाटली चुकून आली आणि "५ मि.ली. द्या" एवढंच लिहिलेलं असलं, तर मुलाच्या पोटात ५०० मि.ग्रॅ. जातं. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ३००. म्हणून कागदावर "एक चमचा" असं कधीच लिहू नका. "२५० मि.ग्रॅ. प्रति ५ मि.ली.चं सिरप, ५ मि.ली." असं लिहा.

तपासा: हा कागद घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला या आजाराबद्दल काही माहीत नाही. आजोबा, शेजारच्या काकू, कुणीही. त्यांनी तुम्हाला एकही प्रश्न न विचारता औषध काढून दाखवलं तर कागद बरोबर जमला. प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर कागदावर लिहा.

३. औषध बांधा

औषध मूळ पाकिटात किंवा बाटलीतच द्या. मेडिकलवाला स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. नाव आणि तारीख ज्यावर आहे तो तुकडा मागून घ्या, किंवा शाळेसाठी अख्खी स्ट्रिप घ्या. अर्धी गोळी द्यायची असेल तर ती घरी कापा आणि उरलेल्या स्ट्रिपसह छोट्या डबीत घालून डबीवर नाव चिकटवा. काही गोळ्या मुळीच मोडायच्या नसतात, त्यातलं औषध हळूहळू सुटणारं असतं. कापण्याआधी मेडिकलमध्ये विचारा.

पातळ औषधासोबत त्याच बाटलीचं मापाचं टोपण किंवा सिरिंज द्या. शाळेतला चहाचा चमचा किती मि.ली.चा, ते कुणालाच ठाऊक नसतं. पाणी घालून तयार करायची पावडर घरीच, खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालून बनवा. अशी बरीच औषधं फ्रिजमध्येच ठेवायची असतात आणि काही सात दिवसांतच संपवायची असतात. शाळेत फ्रिज नसेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा आणि डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारा.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या मधल्या खणात ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण ३० अंशांच्या आत असेल तर बहुतेक इन्सुलिन सुमारे चार आठवडे बाहेर टिकतं, नेमकी मुदत पाकिटावर पाहा. पण मार्च-एप्रिलच्या दुपारी विदर्भ-मराठवाड्यातली वर्गखोली ३० अंशांवर राहत नाही. शाळेत माठ असेल तर त्याच्या शेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात, कोरड्या प्लॅस्टिक डबीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच.

सावध: औषध डब्यातल्या भाजीत, दुधात किंवा पाण्याच्या बाटलीत मिसळून पाठवू नका. मूल किती प्यालं, उरलेलं कुणी प्यालं, काहीच कळत नाही.

४. मोठ्या माणसाच्या हातून मोठ्या माणसाच्या हातात

औषध शाळेत पोचवायचं काम मुलाचं नाही, व्हॅनवाल्या काकांचंही नाही. पहिल्या दिवशी स्वतः जा. वर्गशिक्षिकेशिवाय आणखी एका माणसाला माहिती द्या, कारण बाई रजेवर जातात. मुख्याध्यापक, पीटीचे सर, आणि मूल ज्यांच्याशी सर्वांत जास्त बोलतं त्या मावशी, एवढे लोक पुरेत. मुलाच्या आजाराबद्दल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका. पन्नास घरांना ते कळायची गरज नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं चिडवतात.

आपल्याकडच्या बहुतेक शाळांत नर्स नसते. शिक्षिकेला ५० मुलांचा वर्ग सांभाळत हे करायचं असतं, आणि चूक झाली तर आपल्यावर येईल ही भीती तिला असते. ती भीती खरी आहे. म्हणून "देऊन टाका हो बाई" म्हणण्याऐवजी कागद समोर ठेवा, एकदा करून दाखवा आणि मग त्यांना तुमच्यासमोर करू द्या. त्या मुलीच्या आईने पुढच्या सोमवारी तेच केलं. सुट्टी टाकून आली, कागद आणि अख्खी स्ट्रिप घेऊन आली, आणि गोळी पाण्याच्या किती घोटांसोबत लेकीला गिळता येते तेही दाखवलं. त्यानंतर वर्षभर एकही डोस चुकला नाही.

टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांनी हे माहीत करून घ्यावं की राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांच्या शिक्षण विभागांना पत्र लिहिलं होतं. गरज असेल तेव्हा साखर तपासणं, इन्सुलिन घेणं आणि मधे खाणं, याला वर्गात मुभा द्यावी असं त्यात म्हटलं आहे. शाळा कां-कूं करत असेल तर मुख्याध्यापकांशी बोलताना या पत्राचा उल्लेख करा.

कुलूप कशाला लावायचं, हेही ठरवा. गोळ्या आणि सिरप कुलपात. दम्याचा पंप, ग्लुकोज, साखर तपासायचं यंत्र आणि फिटचा नाकातला स्प्रे मात्र कुलपात नको. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते शिपाई मामा बँकेत गेले आणि इकडे मुलाला दम लागला, असं होऊ शकतं.

५. डोस देणं आणि लगेच लिहिणं

हा भाग शिक्षकांसाठी. पालकांनीही वाचावा.

आधी वही उघडा, मग कपाट. आज हा डोस कुणी दिलेला नाही ना, ते वहीतच दिसतं. मग मुलाला "तू आर्या ना?" असं विचारू नका, मूल हो म्हणतं. "तुझं पूर्ण नाव सांग" म्हणा. एका वर्गात दोन आर्या आणि तीन आरोही असतात. नाव, औषध, ताकद, मात्रा, वेळ हे कागदाशी जुळवा. समोर पाणी पाजा, गोळी गिळली का पाहा. आणि तिथेच वेळ घालून सही करा. "नंतर लिहिते" म्हटलं की घंटा होते आणि राहतं. मग दुसऱ्या बाई तोच डोस पुन्हा देतात.

डोस चुकला तर पुढचा दुप्पट करायचा नाही, पालकांना फोन. औषध उलटून पडलं तरी मनाने पुन्हा द्यायचं नाही, फोन. चुकीच्या मुलाला किंवा चुकीच्या मात्रेत दिलं गेलं तर एक मिनिटही लपवू नका. पाकीट हातात धरून डॉक्टरांना किंवा १०८ ला फोन करा, मग पालकांना. उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

६. थांबायला वेळ नसलेले चार प्रसंग

दम लागला तर. पंप दोन प्रकारचे असतात: लगेच आराम देणारा, बहुधा साल्ब्युटामॉलचा, आणि रोज घ्यायचा. शाळेत पहिला हवा. घाईत रोजचा पंप पाठवणारे पालक मी पाहिले आहेत. मुलाला ताठ बसवा, झोपवू नका. पंप हलवा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळीला) लावा, एकदाच दाबा, मुलाला चार-पाच संथ श्वास घेऊ द्या. मग पुन्हा हलवा, दुसऱ्यांदा दाबा. दोनदा एकदम दाबलं तर औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटून वाया जातं. किती वेळा द्यायचं ते कागदावर हवं. आराम पडत नसेल, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ आणि तोवर पंप चालू. घरी स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत वाळवा. फडक्याने पुसला की आत औषध जास्त चिकटतं.

साखर कमी झाली तर. घाम, थरथर, चिडचिड, एकदम गप्प होणं, अक्षर बिघडणं. ७० मि.ग्रॅ.च्या खाली आकडा आला, किंवा तपासायला वेळ नसेल तर नुसत्या लक्षणांवर, लगेच ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून द्या. मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे. लहान मुलाला कमी लागतं, ती मात्रा डॉक्टरांकडून लिहून आणा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आलं नसेल तर पुन्हा द्या. आधी बिस्किट किंवा चॉकलेट देणं ही नेहमीची चूक, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बिस्किट नंतर, साखर वर आल्यावर. अशा मुलाला "ऑफिसात जाऊन ये" म्हणून एकट्याला कधीच पाठवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि १०८. इन्सुलिन घेतल्यावर मूल डबा खातंय का, तेही बघावं लागतं. वाटून खाताना अर्धी पोळी मैत्रिणीच्या ताटात जाते.

फिट आली तर. पहिलं काम घड्याळ बघणं. मग आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेली ओढणी ठेवा, कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं, हे सगळं अजूनही होतं. त्याने फिट थांबत नाही, उलट दात तुटतात आणि श्वास अडतो. ५ मिनिटं झाली तर डॉक्टरांनी दिलेला मिडॅझोलामचा नाकातला स्प्रे कागदावर लिहिल्याप्रमाणे मारा आणि १०८ ला फोन करा. स्प्रे वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात, म्हणून किती फवारे हे पाठ नको, कागदावरच हवं. मूल पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही देऊ नका.

सिकल सेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या शाळांत हे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवं. या मुलांचं शाळेतलं पहिलं औषध म्हणजे पाणी. बाटली बाकावर ठेवायची आणि लघवीला जायची मुभा न विचारता. उन्हात मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा नको, पावसात भिजणं नको. हातपाय किंवा छाती दुखते म्हणाला तर तो कामचुकारपणा समजू नका. ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

तपासा: वर्गात आजारी मूल असो-नसो, १०८ ला फोन केल्यावर शाळेचा पत्ता आणि जवळची खूण कोण सांगणार, ते आजच ठरवा.

७. शाळेतूनच मिळणारी औषधं

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला जंतनाशक दिन असतो. शाळकरी मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मि.ग्रॅ.ची गोळी शिक्षकांसमोर चावून खायला देतात. त्या दिवशी ताप असेल किंवा मूल दुसरं औषध घेत असेल तर आधी लेखी कळवा, राहिलेल्यांसाठी नंतर एक दिवस ठेवलेला असतो. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा मिळते: ५ ते ९ वर्षांच्यांना गुलाबी, १० ते १९ वर्षांच्यांना निळी. ती पोषण आहार खाल्ल्यावरच घ्यायची. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि मग मुलं ती खिडकीतून टाकतात. शी काळी होते, घाबरू नका. थॅलेसेमिया (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. सिकल सेल असलेल्यांनीही आधी विचारावं. जूनमध्येच तसं पत्र वर्गशिक्षिकेकडे द्या.

८. सहल, परीक्षा, सुट्टी

सहलीला औषध आणि कागद शिक्षकांच्या हातातल्या पिशवीत, बसच्या डिकीत नाही. परीक्षेसाठी आधी लेखी परवानगी काढा. सीबीएसईने मधुमेही विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या केंद्रात साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच आणि पाण्याची छोटी बाटली न्यायला २०१७ मध्येच परवानगी दिली आहे. दुसऱ्या बोर्डाचं मूल असेल तर केंद्रप्रमुखांना किमान महिनाभर आधी भेटा.

मेच्या सुट्टीआधी कपाटातलं सगळं औषध घरी न्या आणि वहीत "परत मिळालं" म्हणून सही करा. बंद खोलीतल्या लोखंडी कपाटात दीड महिना तापलेलं औषध जूनमध्ये द्यायचं नाही. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मुलाचं पुन्हा वजन करा. गेल्या जूनमध्ये २० किलो असलेलं मूल आता २३ झालं असेल तर जुना कागद फाडून टाका आणि डॉक्टरांकडून मात्रा नव्याने लिहून घ्या.